बीटलचा गिअर: दुसऱ्याच्या जागी रिव्हर्स पडतो तेव्हा

तक्रार जवळजवळ नेहमी याच शब्दांत येते: "लिव्हर बदलली, तरी तेच." गाडी साठच्या दशकातली फोक्सवॅगन बीटल. पहिला गिअर नीट पडतो. दुसरा टाकायला दांडा मागे ओढला की खालून करकर ऐकू येते, कारण दांडा दुसऱ्याच्या वाटेने न जाता रिव्हर्सच्या वाटेला लागलेला असतो. काहींच्या गाडीत याच्या उलट होतं. चारही गिअर व्यवस्थित पडतात, पण रिव्हर्स काही केल्या सापडत नाही आणि सोसायटीच्या पार्किंगमधून वॉचमनला हाताशी घेऊन गाडी मागे ढकलावी लागते. मग कोणीतरी गिअरबॉक्स उतरवायला सांगतं. बॉक्स उतरवायचा म्हणजे आधी इंजिन उतरवायचं. एवढा खर्च करूनही दांड्याची तक्रार तशीच राहिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

माझं म्हणणं असं आहे की यातल्या बऱ्याच गाड्यांचा गिअरबॉक्स ठणठणीत असतो. दोष असतो दांड्यापासून बॉक्सपर्यंतच्या जोडणीत. मुंबईत या गाड्यांचे पार्ट मिळतील तसे बसवत आल्यामुळे एकाच गाडीत दोन-तीन वेगळ्या सालांचे तुकडे एकत्र आलेले असतात. प्रत्येक तुकडा सुटा पाहिला तर चांगला असतो, पण एकमेकांशी त्यांचं माप जुळत नाही. त्यामुळे एक पार्ट बदलून पुन्हा पुन्हा तीच तक्रार येत असेल तर तिसरा पार्ट विकत घ्यायच्या आधी थांबा.

जोडणी कशी आहे ते आधी पाहू. दोन सीटच्या मधून जो उंच बोगदा जातो, त्याच्या पोटात एक लांब नळी आहे. दांड्याचं खालचं गोल टोक या नळीवरच्या कपात बसतं. नळीचं पुढचं टोक दांड्याच्या भोकाजवळच एका प्लास्टिकच्या बुशमध्ये सरकतं आणि फिरतं. मागचं टोक मागच्या सीटखाली एका कपलरला जोडलेलं असतं. कपलरच्या पलीकडे गिअरबॉक्सच्या नाकातून बाहेर आलेला वाकडा दांडा आहे, ज्याला त्याच्या आकारामुळे सगळे हॉकी स्टिक म्हणतात. तुम्ही हाताने दांडा पुढे-मागे करता तेव्हा नळी सरकते, आणि डावी-उजवीकडे करता तेव्हा नळी स्वतःभोवती थोडी फिरते. गिअर निवडण्याचं सगळं काम या दोन हालचालींवर चालतं. फिरण्याची हालचाल अगदी लहान आहे, म्हणून बुशमधला थोडासा खेळसुद्धा (म्हणजे ढिलेपणा) दुसरा आणि रिव्हर्स यांच्यातलं अंतर खाऊन टाकतो.

दांड्याच्या बुडाशी, बोगद्यावर बसणाऱ्या घराच्या (दांडा ज्या कवचातून वर येतो त्याच्या) खाली एक पातळ पत्र्याची प्लेट असते. ही सगळ्यात महत्त्वाची, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं तेही हिच्याकडेच. बीटलमध्ये रिव्हर्स टाकायला दांडा खाली दाबून डावीकडे आणि मग मागे घ्यावा लागतो. न दाबता डावीकडे नेला तर दांडा पहिल्या-दुसऱ्याच्या रांगेतच थांबला पाहिजे. त्याला थांबवते ती ही प्लेट. तिची एक कड वर वळवलेली असते आणि ती दाराच्या उंबरठ्यासारखं काम करते. ही वळलेली कड वर आणि गाडीच्या उजव्या अंगाला यायला हवी. हे ऐकून बरेच जण गोंधळतात, कारण रिव्हर्स तर डावीकडे आहे. पण दांडा मध्यावर टेकलेला आहे. मूठ डावीकडे गेली की खालचं टोक उजवीकडे जातं, आणि कड अडवते ती खालच्या टोकाला. स्टिअरिंग आपल्याकडे उजवीकडे असलं तरी गिअरची मांडणी तीच आहे, त्यामुळे प्लेटही तशीच बसते. जुनी छायाचित्रं पाहून "आपली गाडी उजव्या स्टिअरिंगची, म्हणजे सगळं उलट" असा हिशेब करून प्लेट फिरवून बसवलेली मी एकाहून जास्त गाड्यांत पाहिली आहे. तसं केलं की न दाबता रिव्हर्स पडू लागतो.

आता सालांचा प्रश्न. फोक्सवॅगनचं मॉडेल वर्ष ऑगस्टपासून सुरू व्हायचं. ऑगस्ट १९६७ मध्ये कारखान्यातून निघालेली गाडी १९६८ चं मॉडेल असते. आपल्या आरसी बुकावर मात्र नोंदणीचं साल असतं, आणि बाहेरून आलेल्या गाड्यांच्या बाबतीत ते बनण्याच्या सालाशी जुळेलच असं नाही. म्हणून पार्ट विचारताना आरसीवरचं साल सांगू नका. मागची सीट उचला. बोगद्यावर चासी नंबर ठोकलेला दिसेल. १९६५ च्या मॉडेलपासून या नंबरातले पहिले दोन आकडे गाडीचा प्रकार सांगतात आणि तिसरा आकडा मॉडेल वर्षाचा शेवटचा आकडा असतो. ११५ ने सुरू होत असेल तर १९६५, ११७ असेल तर १९६७, ११८ असेल तर १९६८. त्याआधीच्या गाड्यांना सरळ चढते नंबर आहेत आणि त्यांचं साल तक्त्यावरून काढावं लागतं. पुढच्या डिकीत स्पेअर चाकामागेही एक पट्टी असते. दोन्ही नंबर जुळतात का तेही याच वेळी पाहून घ्या. बोगद्यावरच्या नंबराभोवती गंज आलेला असेल तर तिथे ग्राइंडर लावू देऊ नका. घासला गेलेला नंबर आरटीओत समजावून सांगणं हे गिअरपेक्षा कितीतरी मोठं दुखणं आहे.

दांड्यात ठळक बदल झाला तो १९६८ च्या मॉडेलला. त्याआधीचा दांडा लांब आणि जवळपास सरळ. नंतरचा आखूड आणि चालकाकडे वाकवलेला. ओळखायची सोपी खूण म्हणजे वरच्या मुठीचे आटे. १९६८ च्या लगेच आधीच्या दांड्याला १२ मिलिमीटरचे आटे, १९६८ पासूनच्याला फक्त ७ मिलिमीटरचे. मूठ फिरवून काढा, आटे पाहा, लगेच कळतं. बोगद्यावरच्या दोन बोल्टची भोकं मात्र जुळतात, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. बोल्ट बसले म्हणजे पार्ट बसला, असं दुकानात सांगतात आणि घेणाराही तेवढ्यावर समाधान मानतो. पण दांड्याचं खालचं टोक, दांडा ज्यावर टेकून फिरतो तो गोळा, स्प्रिंग आणि खालची प्लेट हे चार भाग एकमेकांसाठी बनवलेले आहेत.

विलेपार्ल्यातल्या एका काकांच्या गाडीत नेमकं हेच होतं. आरसीवर १९६९, चासी नंबर ११७ ने सुरू होणारा. दांड्याची मूठ काढली तर आत ७ मिलिमीटरचे आटे, आणि मूठ बसावी म्हणून त्यावर टेपचे वेढे मारलेले. म्हणजे दांडा १९६८ च्या नंतरचा आणि गाडी १९६७ ची. प्लेट काढून उजेडात धरली तेव्हा वळलेल्या कडेवर एक चकचकीत, घासून पातळ झालेला पट्टा होता, बोटाने चाचपला तरी जाणवेल असा. दांड्याचं टोक त्या कडेवर अडत नव्हतं, कडेवरून घसरून पलीकडे जात होतं. काका म्हणाले, "अहो, दोन मेकॅनिक झाले, दोघांनीही बुश बदलून दिली." बुश नवीनच होती, त्यात खोट नव्हती. १९६७ पर्यंतचा दांडा, त्याचीच स्प्रिंग आणि त्याचीच प्लेट असा पूर्ण संच मिळवून बसवला आणि करकर थांबली.

म्हणून माझा पहिला आग्रह हा: दांडा घ्यायचा असेल तर दांडा, घर, स्प्रिंग, प्लेट असा संच एकाच गाडीतून निघालेला घ्या. नुसता दांडा स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. दांड्यातून किंवा घरातून वायर बाहेर आलेली दिसली तर तो हातात घेऊन परत ठेवा. तो ऑटोमॅटिक स्टिकशिफ्टचा दांडा आहे. त्या गाड्यांना क्लचचं पेडल नव्हतं. दांड्याला हात लागला की आतले संपर्क जुळायचे आणि व्हॅक्यूमवर चालणारी यंत्रणा क्लच सोडवायची. तीन गिअरची ती मांडणी तुमच्या चार गिअरच्या बॉक्सला चालणार नाही. कोंबीचा, म्हणजे फोक्सवॅगनच्या व्हॅनचा, दांडाही लांब असतो, तो तर पाहताच ओळखू येतो.

पण पार्ट घ्यायच्या आधी दोष कुठे आहे ते नक्की करायला हवं, आणि त्यासाठी एक माणूस आणि एक टॉर्च पुरेसा आहे. इंजिन बंद. मागची सीट काढा. बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली उजव्या बाजूला असते. आधी तिची अर्थची वायर सोडवा, आणि सीट परत ठेवताना बॅटरीवर झाकण आहे याची खात्री करा. सीटच्या लोखंडी स्प्रिंगा बॅटरीच्या टोकांना लागून आग लागते. या गाड्यांत हे नेहमीच घडत आलं आहे. बोगद्यावरचं लहान झाकण स्क्रू काढून उघडा. आत कपलर दिसेल.

आता एकाने पुढे बसून दांडा हळूहळू हलवायचा आणि दुसऱ्याने टॉर्च धरून कपलरकडे पाहायचं. दांडा हलतो पण नळी उशिरा हलायला लागते, तर खेळ पुढे आहे: कपात, दांड्याच्या गोळ्यात किंवा बुशमध्ये. नळी लगेच हलते पण हॉकी स्टिक उशिरा हलते, तर कपलर गेला. दोन्ही बरोबर हलतात आणि तरी गिअर पडत नाही, तरच शंका बॉक्सवर घ्यायची. अजून खात्री हवी असेल तर कपलर हॉकी स्टिकपासून सोडवा आणि ती स्टिक हाताने किंवा पकडीने सरळ हलवून बघा. गाडी थोडी पुढे-मागे डोलवली की आतले दाते जुळतात आणि प्रत्येक गिअर टक् करून बसलेला हाताला जाणवतो. पाचही जागा अशा स्पष्ट लागल्या तर गिअर निवडणारी आतली यंत्रणा ठीक आहे. ही तपासणी झाल्याशिवाय बॉक्स उतरवायला कोणालाही परवानगी देऊ नका, मेकॅनिक कितीही जुना असला तरी.

कपलर नळीला एका चौकोनी डोक्याच्या स्क्रूने पकडलेला असतो. या स्क्रूचं टोक नळीवरच्या एका खळग्यात बसलं पाहिजे. खळगा बारीक आहे आणि बोगद्याच्या अंधारात दिसत नाही. घाईत स्क्रू खळग्याच्या शेजारी आवळला जातो. सुरुवातीला गिअर बरे पडतात. मग धक्के बसत नळी कपलरमध्ये थोडी थोडी फिरत जाते आणि रोज एक नवीन तक्रार सुरू होते. आज रिव्हर्स नाही, उद्या पहिला नाही. "कधी पडतो, कधी पडत नाही" असं कोणी म्हणालं की मी आधी हा स्क्रू पाहतो. मोबाइलचा दिवा तिरपा धरला की खळग्याच्या कडेची सावली दिसते. नळी बोटांनी फिरवत सावली बरोबर भोकाखाली आणायची आणि मग स्क्रू घालायचा. टोक खळग्यात उतरलं की स्क्रू आवळायच्या आधीच नळी फिरायची थांबते. त्या स्क्रूच्या डोक्यात तार ओवायचं भोक असतं. तार ओवून पीळ घाला. तार नसेल तर हादऱ्यांनी स्क्रू सुटतो आणि भर ट्रॅफिकमध्ये दांडा हातात नुसता लोंबकळू लागतो, एकही गिअर राहत नाही.

कपलरही दोन काळांचे आहेत, १९६४ च्या मॉडेलपर्यंतचे आणि १९६५ पासूनचे. घेताना चासी नंबर सांगूनच घ्या. रबराच्या जागी कडक युरेथेन घातलेले नवे कपलर मिळतात. त्यांनी गिअर नेमका पडतो हे खरं, पण इंजिनाची थरथर दांड्यातून हातात येते. रोज चालवायच्या गाडीत मला मूळ रबरी कपलरच बरा वाटतो.

बुशबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मुंबईतल्या गाड्यांचा त्रास बहुतेक इथून सुरू होतो. बोगदा बंद दिसला तरी पावसाळ्यात त्यात पाणी शिरतं. पेडलांच्या भोवतालून शिरतं, केबलींच्या नळ्यांच्या तोंडातून शिरतं. हिंदमाता किंवा किंग्ज सर्कलच्या पाण्यातून एकदा गाडी गेली की चिखलाचा बारीक थर आत बसतो आणि ग्रीसमध्ये मिसळून घासकागदाचं काम करतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पाण्यात ज्या गाड्या उभ्या होत्या त्यातल्या एखाद्या गाडीची नळी आजही काढली तर गाळ निघतो.

नवी बुश मिळाली नाही की लोक लेथवर नायलॉनची करून घेतात. लेथवाला काम सुबक करतो, बुश नेमकी बसते, आणि पुढच्या पावसाळ्यात दांडा जड होतो. कारण नायलॉन हवेतली ओल शोषून फुगतं. मुंबईच्या जुलैत हे हमखास होतं. बुश करूनच घ्यायची असेल तर अॅसिटलच्या सळईतून करून घ्या. बाजारात तिला डेल्रिन म्हणतात आणि नागदेवी स्ट्रीटला ती कापून मिळते. ती ओल फार कमी शोषते. आतलं माप नळी सहज सरकेल आणि फिरेल एवढं ठेवा, घट्ट नको. मूळ बुशला एक चीर आणि तारेची कडी असते, म्हणून ती बोगद्यातल्या कंसात (बुश धरून ठेवणाऱ्या पट्टीत) दाबून बसवता येते; करून घेतलेल्या बुशलाही चीर हवीच, नाहीतर ती आत शिरत नाही आणि कोणीतरी हातोडी काढतं.

बसवायला नळी पूर्ण बाहेर काढावी लागत नाही. दांडा काढा, मागे कपलर सोडवा, आणि भोकातून पकडीने नळी मागे सरकवा, तिचं पुढचं टोक बुशमधून मोकळं होईपर्यंत. जुनी बुश तुकड्यांत निघाली तर तुकडे मोजून बाहेर काढा, एकही आत राहू देऊ नका. कंस पुसा, लिथियम ग्रीस लावा, नवी बुश बसवा, नळी परत पुढे आणा. ग्रीस भरपूर लावा, कपात पण. नळीवरचा कप आतून अंडाकृती झिजलेला दिसला तर नवी बुश घालून अर्धाच फायदा होईल. वेल्डिंगने भरून तो घासून घेता येतो, पण बोगद्यात पेट्रोलची नळी जाते, तेव्हा हे काम नळी गाडीबाहेर काढूनच. दुसऱ्या गाडीची नळी आणलीत तर जुनी आणि नवी फरशीवर शेजारी ठेवा आणि कपापासून दोन्ही टोकांपर्यंतची अंतरं मोजा. सारखी दिसणारी नळी सारखी असेलच असं नाही.

पार्ट शोधायला कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोरबाजार ही ठिकाणं सगळ्यांना माहीत आहेत. तिथे बीटलचा संच मिळणं नशिबाचा भाग आहे, पण जुने मालक गाडी मोडतात तेव्हा माल तिथेच येतो. एका दुकानात मला सांगितलं, "शेठ, सगळ्या बीटलला एकच लागतो." त्याने फसवलं असं मी म्हणणार नाही, कारण बोल्ट खरंच बसतात. खिशात स्केल किंवा व्हर्निअर ठेवा, मुठीचे आटे मोजा, प्लेटची कड पाहा, आणि गोळ्याला सपाट झिजेचा डाग आहे का ते बोट फिरवून बघा. जर्मनीतून किंवा अमेरिकेतून मागवायचं असेल तर मॉडेल वर्ष लिहून मागवा. रेसिंगसाठीचे ट्रिगर लावलेले दांडे सगळ्या सालांना बसतात, पण पन्नास वर्षांपुढची गाडी म्हणून २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी करायचा विचार असेल तर मूळचा दांडा जपून ठेवा. नियमांचं सगळं लक्ष चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं आहे का याकडे आहे. तरी आतून पाहणाऱ्याला दांडा पहिल्यांदा दिसतो.

सगळं बसवल्यावर जुळवणी करायची. तेराच्या पान्याने दोन्ही बोल्ट थोडे ढिले ठेवा; भोकांत घर आणि प्लेट सरकायला जागा असते. क्लच दाबून दुसरा गिअर टाका. आता दांडा न दाबता डावीकडे ढकला. तो लगेच, ठामपणे अडला पाहिजे. अडत नसेल तर प्लेट थोडी सरकवा. मग दांडा दाबून डावीकडे आणि मागे घ्या, रिव्हर्स पूर्ण बसला पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच जागी जुळल्या की बोल्ट आवळा. आवळताना प्लेट किंचित हलते, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा तपासा. न्यूट्रलमध्ये दांडा उभा आणि तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत सहज जाणारा असावा. प्लेट कितीही सरकवली तरी दोनातली एकच गोष्ट जुळत असेल तर दांडा आणि प्लेट एका संचातले नाहीत, किंवा मागचा स्क्रू खळग्यात नाही. तिथे जोर करू नका.

काही तक्रारी दांड्याच्या वाटतात पण नसतात. रिव्हर्सला सिंक्रो (गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारी कडी) नाही; उभ्या गाडीत क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबून टाकला तर आवाज यायला नको. थांबूनही करकरतो तर क्लच पूर्ण सुटत नाही. पेडलला १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल असावी, आणि बॉक्सजवळ क्लच केबलची जी बाउडन नळी (केबलचं लवचीक आवरण) असते तिला २५ ते ४५ मिलिमीटर झोळ हवा. हा झोळ कोणी तपासतच नाही. गाडी १९६१ च्या मॉडेलच्या आधीची असेल तर पहिल्या गिअरलाही सिंक्रो नाही. चालत्या गाडीत तो करकरणारच. गाडी थांबवून टाका.

गिअर उडणं ही तर वेगळीच तक्रार आहे. बोरघाट उतरताना पाय उचलला की दुसरा किंवा तिसरा सुटतो, दांडा न्यूट्रलला येतो. इथे आधी बॉक्सचे रबरी माउंट, म्हणजे बॉक्स गाडीला धरून ठेवणारे आधार, पाहा. माउंट सैल झाले की ताण उलटताना सगळा बॉक्स पुढे-मागे सरकतो. नळी मात्र बोगद्यात तिथेच राहते, म्हणजे गिअर ओढून काढला जातो. रिकाम्या, सपाट जागी चाकांना लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच जेमतेम पकडेपर्यंत सोडून परत दाबा. दुसऱ्याने बाजूने वाकून झाकणातून कपलर किती सरकतो ते पाहावं. तो बोटभर सरकत असेल तर माउंट बदला. ही तपासणी करताना गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभं राहू नये.

माउंट चांगले, कपलर चांगला, संच एका सालाचा, आणि तरीही एकच ठराविक गिअर उडतो, तर मात्र दोष बॉक्सच्या आत आहे: सिंक्रोच्या हबची झीज किंवा गिअर जागेवर धरणाऱ्या गोळीची स्प्रिंग. आणि दांड्याला सगळीकडे सारखाच खेळ असेल, हॉकी स्टिक हाताने धरली तरी वर-खाली हलत असेल, तर बॉक्सच्या नाकातली तिची बुश गेलेली असते. हे काम बॉक्स उतरवूनच होतं. उतरवलाच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि माउंट त्याच वेळी बघून घ्या, आणि नवी बुश बसल्यावर बॉक्स गाडीत चढवण्याआधी पाचही जागा हाताने लावून पाहा.